आत्तीचा पोरगा आणि कझिन

ताई, नमस्कार.

मी कोल्हापूरची, घर राजारामपुरीत. पाच वर्षं पुण्यात नोकरी करते आणि ऑफिसमधल्याच एका मुलाशी लग्न ठरलंय. तो कानपूरचा. गेल्या महिन्यात त्याचे आई-वडील पहिल्यांदाच आमच्या घरी आले. अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळ्यावर चक्कर झाली, रात्री घरी जेवण. माझा आतेभाऊ वाढायला होता. तो शाळेपासून आमच्याकडेच राहिलाय. होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, हा कोण? मी म्हटलं, कझिन. "अच्छा, भाई है," म्हणून त्यांनी त्याला कौतुकानं शेजारी बसवून घेतलं. तेवढ्यात आजी म्हणाली, "ही ह्यालाच द्यायची हुती बगा. पन आताची पोरं ऐकत्यात व्हय?" सासूबाईंना कळलं नाही. त्यांनी माझ्या आतेभावाकडं बघितलं आणि त्या शहाण्यानं हसत हसत सगळं हिंदीत करून सांगितलं! सासूबाईंनी पांढऱ्या रश्श्याची वाटी खाली ठेवली. आमच्या घरात कुणाला काहीच वाटलं नाही. मी मात्र गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला फोनवर विचारलं, "जिससे शादी होनी थी, उसे भाई क्यों बताया?"

ताई, मी खोटं बोलले का? कझिन या शब्दाचा नेमका अर्थ काय? आणि आणखी एक. ऑफिसच्या मेलमध्ये मी 'कझिन ब्रदर' लिहिलं होतं, तर मॅनेजरनं सगळ्यांसमोर चूक काढली. मग लिहायचं तरी काय?

गोंधळलेली, राजारामपुरी

—

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. तू खोटं बोलली नाहीस. आतेभाऊ हा कझिनच, इंग्रजीचा कुठलाही मास्तर त्यात चूक काढणार नाही. तुझ्या सासूबाईंनी जे ऐकलं तेही बरोबर, कारण त्यांच्याकडं कझिन म्हणजे भाऊच. आणि आजी बोलली ते तर आपल्या भागात शंभर टक्के खरं. तुम्ही तिघीही खऱ्या आणि तरी रस्सा निवला.

जाता जाता एक सांगते, रागावू नको. सगळं पत्र 'करते', 'बोलले' असं सांभाळून लिहिलंस आणि ऐन घोटाळ्याच्या ठिकाणी 'गप्प बसलो' लिहून गेलीस. पाच वर्षं पुण्यात काढली तरी जीव घाबरला की कोल्हापूरची पोरगी 'बसलो'च म्हणणार. छान वाटलं वाचून.

आता शब्दाकडं येऊ. इंग्रजीत आईच्या किंवा वडिलांच्या भावाबहिणीचं मूल म्हणजे कझिन. संपलं. मुलगा की मुलगी, आईकडचा की वडिलांकडचा, काकाचा की मावशीचा, यातलं काहीही तो शब्द सांगत नाही. तो फक्त अंतर सांगतो: सख्ख्याच्या पुढचं पहिलं घर. आपल्याकडं त्या घराला चार दारं आहेत, काका, आत्या, मामा आणि मावशी, आणि ज्या दारातून माणूस आला त्या दाराचं नाव त्याला आयुष्यभर चिकटतं. चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ. बहिणी धरल्या तर आठ झाले. इंग्रजी या आठ जणांचं एका शब्दात भागवते.

गंमत अशी की हा शब्द जिथून निघाला तिथं त्याला दार होतं. लॅटिनमध्ये 'कोन्सोब्रिनुस' असा शब्द आहे, त्याच्या पोटात 'सोरोर' म्हणजे बहीण बसलेली आहे. दोन बहिणींची मुलं ती एकमेकांची कोन्सोब्रिनुस. म्हणजे चक्क मावसभाऊ! पुढं रोमन लोकच तो शब्द सगळ्यांना सरसकट वापरायला लागले, फ्रेंचमध्ये तो घासून लहान झाला आणि फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकल्यावर त्यांच्या बोलीबरोबर इंग्रजीत उतरला. त्याच्याबरोबर अंकल आणि आंट हे दोघेही आले. त्यांचीही मुळं बघ. अंकल ज्या लॅटिन शब्दातून आला, 'अवुन्कुलुस', त्याचा अर्थ आईचा भाऊ. आंट ज्यातून आली, 'अमिता', तिचा अर्थ वडिलांची बहीण. म्हणजे मुळात अंकल हा मामा, आंट ही आत्या आणि कझिन हा मावसभाऊ. लॅटिनमध्ये काकाला आणि मावशीला वेगळे शब्द होते, ते वाटेत गळाले. जुन्या इंग्रजीतसुद्धा मामाला एक आणि काकाला दुसरा शब्द होता. फ्रेंच पाहुणे आले आणि घरचे शब्द अडगळीत गेले. आपल्याकडं शेजारच्या भाजीवाल्यापासून साहेबापर्यंत सगळे अंकल झाले तेव्हा आपण कपाळाला हात लावला, पण त्यांच्याकडं ही पडझड आठ-नऊशे वर्षांपूर्वीच सुरू झाली होती.

एवढंच नाही, चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत पुतण्यालाही कझिन म्हणत, भाच्यालाही म्हणत आणि एक राजा दुसऱ्या राजाला पत्र लिहिताना मायन्यात 'कझिन' घालत असे, नातं असो वा नसो. हा शब्द आधीपासूनच सैल आहे. कुणाच्याही अंगाला बसतो, म्हणून कुणाच्याच मापाचा नाही.

मग कोल्हापुरात बाजू कळली नाही तर बिघडतं काय? पुष्कळ बिघडतं.

तुझ्या घरातली एखादी पंगत डोळ्यापुढं आण. चुलतभाऊ बसलाय तो भावकीतला. त्याचं आडनाव तुझं, कुलदैवत तुझं, गावाकडच्या सातबाऱ्यावर त्याच्या बापाचं नाव तुझ्या बापाच्या नावाखाली. त्यांच्या घरात कुणी गेलं तर तुमच्या घरात दहा दिवस सुतक. बांधावरून भांडण होईल तर त्याच्याशी, आणि बाहेरच्यानं हात उगारला तर पहिला धावणाराही तोच. त्याच्या शेजारी आतेभाऊ बसलाय, तो पाहुणा. आपल्या भागात पाहुणा या शब्दाचा अर्थ दोन दिवस राहून जाणारा एवढाच नाही, ज्यांच्याशी सोयरीक आहे किंवा होऊ शकते ते सगळे 'पावणं'. भावकी आणि पाहुणे, या दोन रांगांवर आपल्याकडची लग्नं, मानपान, आहेर, रुसवेफुगवे सगळं उभं असतं. कझिन हा शब्द दोन्ही रांगा मोडून सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवतो. (कायदासुद्धा ही रांग ओळखतो बरं का. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात चुलतभाऊ गोत्रज ठरतो आणि बाकीचे तिघे भिन्नगोत्रज, आणि मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या वारसांत गोत्रजांचा नंबर आधी लागतो.)

आणि आता आजीचं वाक्य. तुझी आजी ही तुझ्या वडिलांची आई आणि त्या मुलाच्या आईचीही आई. म्हणजे तू तिची नात आणि तो तिचा नातू. त्याच्या बाजूनं बघितलं तर तू मामाची मुलगी. आपल्याकडं कित्येक समाजांत मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानत आले. म्हणून तर कितीतरी घरांत अजून सुना सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणतात. लग्नाआधी नातं असो नसो, हाक मात्र तीच. इथून चाळीसेक किलोमीटरवर निपाणीकडं गेलीस तर कन्नड बोलणाऱ्या घरात 'अत्ते' म्हणजे आत्याही आणि सासूही, 'मावा' म्हणजे मामाही आणि सासराही. इरावतीबाई कर्व्यांनी भारतभरच्या नात्यांचा अभ्यास करून महाराष्ट्राला उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीतींच्या मधोमध बसवलं, ते कोल्हापुरात राहणाऱ्याला लगेच पटतं. तुझ्या आजीच्या मनात एवढंच होतं की नात परक्या घरात जाण्यापेक्षा लेकीच्या घरात नांदली असती. तिच्या दृष्टीनं तो मायेचा हिशेब.

त्यातही एक बारकावा आहे आणि तो मला फार आवडतो. मुलीच्या बाजूनं बघ. चार दारांतून येणारे चार भाऊ. चुलत नाही, कारण भावकी. मावस नाही, ते सख्ख्यासारखे. मामेभाऊही नाही! त्याला तू म्हणजे आत्याची मुलगी, आणि लेकीबरोबर बाहेर गेलेला वेल माघारी आणू नये असं जुन्या बायका सांगतात. उरला एकटा आतेभाऊ. चार कझिनांपैकी बरोबर एकाच्याच बाबतीत आजी ते वाक्य बोलू शकत होती आणि नेमका तोच त्या दिवशी वाढायला होता.

हे ऐकून सासूबाई 'काय ही माणसं' म्हणाल्या तर त्यांना सांग, हे काही आपलंच खूळ नाही. चार्ल्स डार्विननं १८३९ साली एमा वेजवुडशी लग्न केलं. एमा ही त्याच्या आईच्या सख्ख्या भावाची मुलगी, म्हणजे मामाची मुलगी. पुढच्याच वर्षी, १८४० साली, व्हिक्टोरिया राणीनं आल्बर्टशी लग्न केलं. आल्बर्टचे वडील हे राणीच्या आईचे सख्खे भाऊ, म्हणजे आल्बर्ट तिचा मामेभाऊ आणि त्यानं केली आत्याची मुलगी. इंग्रजी पुस्तकं दोन्ही जोडप्यांपुढं 'फर्स्ट कझिन' एवढंच लिहून मोकळी होतात. तुझ्या आजीला हे दोन्ही समजावून सांग आणि तिचं तोंड बघ. डार्विनला ती 'केलं त्ये बरुबर केलं' म्हणेल आणि राणीच्या लग्नाला नाक मुरडेल.

गैरसमज नको, मी या रीतीची जाहिरात करत नाही. इतक्या जवळच्या नात्यात लग्न केलं तर काही आनुवंशिक आजार मुलांत उतरण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टर सांगतात आणि ते ऐकावं. रीतही आता घराघरांतून सुटत चालली आहे. बोलण्यात मात्र ती अजून जिवंत आहे, थट्टेसाठी जास्त. माझ्याच घरातलं सांगते. माझ्या थोरल्या आत्तीचा मुलगा आमच्याकडं आला की माझ्या काकू मला मुद्दाम पाण्याचा तांब्या घेऊन पाठवायच्या आणि पडद्यामागून हसायच्या. मी तेव्हा सातवीत. मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून पळून जायचे. त्याचं लग्न झालं, माझंही झालं, आमचे केस पिकले, तरी परवा एका बारशात त्याच्या बायकोनं मला हाक मारली ती "या सवतीबाई" अशी. सगळी बैठक हसली. ही थट्टा चुलतभावावरून कुणी करून बघावी, पंगत उठेल.

आता कानपूरकडं वळू, कारण खरी गोम तिथं आहे. हिंदीतही चार दारं आहेत: चचेरा, फुफेरा, ममेरा, मौसेरा. शब्द आपल्याइतकेच नेमके. पण त्यांच्याकडच्या बहुतेक हिंदू घरांत चौघांच्याही पुढं 'भाई' लागतं आणि ते मनापासून लागतं. चौघांनाही राखी. फुफेऱ्या भावाशी लग्न हा विचारसुद्धा त्या घरात कुणी करणार नाही. म्हणजे दार त्यांनाही माहीत, फक्त त्यांच्याकडं चारही दारं एकाच अंगणात उघडतात आणि आपल्याकडं एक दार बोहल्याकडंही उघडू शकतं.

आणि याचंच मला हसू येतं. तुझ्या तोंडात 'आतेभाऊ' होता. त्यांच्या कानाला 'फुफेरा भाई' किंवा 'बुआ का बेटा' लगेच कळला असता. दोन्ही भाषांच्या गाठोड्यात नेमका शब्द होता. तरी तू मध्ये इंग्रजी घातलीस, कारण परक्या माणसांपुढं ती सोयीची आणि जरा सभ्य वाटते. तू 'बुआ का बेटा' म्हणाली असतीस तरी आजी बोललीच असती, ते काही टळलं नसतं. पण सासूबाईंना फसवल्यासारखं वाटलं नसतं, कारण भाऊ म्हणून तू काही सांगितलंच नसतंस. आत्याचा मुलगा म्हणून सांगितलं असतंस, जो तो आहे.

मग आता काय करायचं? पहिलं म्हणजे, सासूबाईंशी हे बोलणं तू करू नको, त्यांच्या मुलानं करावं. आणि फोनवर नको. त्याला आधी तू नीट समजावून सांग, कागदावर घराचं झाड काढून दाखव: वर आजी, तिच्याखाली तुझे वडील आणि आत्ती, त्यांच्याखाली तुम्ही दोघं. पाच नावं आणि चार रेघा, दोन मिनिटांचं काम. मग त्यानं आईला सांगावं की यांच्याकडं बुआच्या मुलाला अशी थट्टा करायची रीत आहे, आजीनं जुन्या सवयीनं केली. कायद्याचा विषय निघालाच तर एवढं माहीत असू दे की १९५५ चा हिंदू विवाह कायदा भाऊ-बहिणीच्या मुलांचं आपसातलं लग्न एरवी निषिद्ध मानतो, पण जिथं तशी रूढी आहे तिथं सूट देतो. म्हणजे आजी काही बेकायदा बोलली नाही. पण हा मुद्दा तुम्ही आपणहून काढू नका. लग्नघरात कलमं आली की माणसं वकिलासारखी बोलायला लागतात.

दुसरं जरा नाजूक आहे. आजी थट्टाच करत होती की घरात खरंच कधी तशी बोलणी झाली होती, हे तुझ्या पत्रात कुठं नाही. थट्टाच असेल तर वर लिहिलं तेवढं पुरे. पण बोलणी झाली असतील, अगदी आत्तीनं एकदा विचारलं आणि तुम्ही दोघांनी हसून नाही म्हटलं एवढंच झालं असेल, तरी होणाऱ्या नवऱ्याला ते आत्ताच सांगून टाक. तेव्हा मग 'कझिन होता ना' हा शब्द पुढं करू नको. शब्द खरा असला तरी त्याच्याआड लपलेलं लगेच दिसतं. आणि ही गोष्ट त्याला आजीच्या तोंडून, तुझ्या त्या दुभाषा भावाकरवी हिंदीत कळावी असं तुला नक्कीच वाटत नसेल.

तिसरं, कुणाच्या समाधानासाठी यंदा एकदम राखी बांधायला जाऊ नको. आधीपासून बांधत असशील तर बांध. नसशील तर नाटक दिसेल, आणि आजी पुन्हा काहीतरी बोलेल. त्यापेक्षा सासूबाईंना एक साधी गोष्ट सांगितलीस तर त्यांना आपोआप कळेल: उद्या तुला मुलं झाली की हा मनुष्य त्यांचा मामा होणार. आतेमामा वगैरे काही नाही, नुसता मामा. आपल्याकडं आईचा कुठलाही भाऊ, कुठल्याही दारातून आलेला, मुलांना मामाच. मामा या शब्दाला कानपूरमध्येही भाषांतर लागत नाही.

मॅनेजरच्या चुकीचं, म्हणजे त्यानं काढलेल्या चुकीचं बघू. व्याकरणानं तो बरोबर आहे. प्रमाण इंग्रजीत कझिन एकटाच येतो, ब्रदर किंवा सिस्टर जोडत नाहीत. तो की ती हे पुढच्या वाक्यातल्या सर्वनामातून कळतं. आपण ब्रदर का जोडतो ते उघड आहे: आपल्या सगळ्या शब्दांचं धडच 'भाऊ' आहे, चुलत किंवा आते हा नुसता फेटा. डोक्यात 'आतेभाऊ' आणि जिभेवर इंग्रजी, म्हणून कझिन ब्रदर. भारतभर लोक असंच म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही. तरी ऑफिसच्या मेलमध्ये, अर्जात, व्हिसाच्या फॉर्मवर नुसतं कझिन लिही. सगळ्यांसमोर चूक काढली याचं मला जास्त वाईट वाटलं, ते बाजूला घेऊनही सांगता आलं असतं. वारसा, कोर्ट, जमीन असल्या कागदांवर मात्र कझिनवर भागवू नको, तिथं सरळ 'वडिलांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा' असं फोडून लिहावं.

मराठी बोलताना तर ब्रदरची अजिबात गरज नाही. आपण 'माझा कझिन', 'माझी कझिन' म्हणतो आणि जे इंग्रजीत राहून जातं ते 'माझा-माझी'त आपोआप येतं. शब्दाला आपण फारसं वाकवलंही नाही, 'कझिनच्या लग्नाला' म्हणतो. मी वर 'कझिनांपैकी' लिहिलं ते जरा ओढूनताणून झालं, आता राहू दे.

सेकंड कझिन आणि 'रिमूव्ह्ड' याबद्दल तू विचारलं नाहीस, पण कानपूरचं प्रकरण मिटलं की कुणीतरी काढेल, म्हणून चार ओळी. दोघांचे आजी-आजोबा एक असले की फर्स्ट कझिन. पणजी-पणजोबा एक असले की सेकंड कझिन, म्हणजे तुझी मुलं आणि तुझ्या आतेभावाची मुलं एकमेकांची सेकंड कझिन. पिढी बदलली की 'रिमूव्ह्ड' लागतं. तुझ्या वडिलांचा आतेभाऊ हा इंग्रजीत तुझा 'फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड', आपल्याकडं तो सरळ काका होतो आणि दिवाळीला घरी येतो. जुन्या इंग्रजी पुस्तकात 'कझिन-जर्मन' दिसला तर दचकू नको, त्याचा जर्मनीशी संबंध नाही. लॅटिन 'गेर्मानुस' म्हणजे सख्खा, म्हणून पहिल्या फळीतल्या कझिनला तसं म्हणत.

हे सगळं लिहिलं म्हणून कझिन हा शब्दच टाकून दे, असं मी म्हणत नाही. मराठीत चारही दारांना एकत्र घेणारा सुटसुटीत शब्द नाही. 'भावंडं' म्हटलं की सख्खीही आली. मे महिन्यात पन्हाळ्यावर वीस जण जीप भरून चाललेत, त्यात काकाची, मामाची, मावशीची सगळी आहेत, तिथं 'आम्ही सगळे कझिन' याहून सोपं काही नाही. मोबाइलवरच्या त्या ग्रुपचं नाव 'आते-मामे-चुलत-मावस' ठेवलं तर कुणी उघडणार नाही. जिथं बाजूला काही महत्त्व नाही, तिथं खुशाल कझिन म्हण. जिथं आजी बसलेली आहे तिथं दार सांग.

शेवटचं, लग्नातलं. लाजाहोमाच्या वेळी नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायला तिचा भाऊ लागतो. ही चाल आपल्याकडं आहे आणि कानपूरकडंही आहे, सासूबाई ती डोळे लावून बघतील. नंतर आपल्याकडं कानपिळी असते, नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो आणि आहेर उकळतो. तुला सख्खा भाऊ आहे का ते तू लिहिलं नाहीस. नसेल तर या दोन्ही कामांना आतेभावाला उभं करावं असं माझ्या मनात आलं. सासूबाईंना जे हवं ते सगळ्या मांडवादेखत दिसेल. पण आजीला आधी विचार. "ह्यो कसा काय कान पिळनार?" असं ती भर मांडवात म्हणाली, तर यावेळी भाषांतर करायला कुणी जवळ नसेल एवढं बघ.